बाई बसली की ऑटो लागत नाही

"बटणाला कुंकू लावलंत का?" गमऱ्यांनी विचारलं.

फोनवरचा शेतकरी गोंधळला. मग म्हणाला, "लावलं की. लक्ष्मीपूजनाला. का बरं?"

"नुसतं बोट टेकवलं, की जास्त?"

"आता सर, सगळा ट्रॅक्टर ते बटणच चालवतंय. मग त्यालाच जास्त लावावं लागंल का नाही? हळद लावली, कुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं."

"चांगलं केलंत," गमरे अगदी मनापासून म्हणाले. "आता असं करा. ट्रॅक्टर बंद करा. घरात दात घासायचा जुना ब्रश असेल, कोरडा, त्याने बटणाच्या कडेची फट साफ करा. आत सगळं कुंकू बसलंय. आणि पुढच्या वर्षी कुंकू बटणाच्या शेजारी लावा. लक्ष्मीला चालतं."

लक्ष्मीला काय चालतं हे आमच्या कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. गमरे स्वतः भोईवाड्याच्या बौद्ध घरातले, देवादिकांच्या वाटेला न जाणारे. तरी दर दिवाळीनंतर ते लक्ष्मीच्या वतीने अशी बेधडक परवानगी देतात आणि महाराष्ट्रभर बटणं पुन्हा चालू होतात.

आमची कंपनी ट्रॅक्टरला एक यंत्र बसवते. शेतात ट्रॅक्टर उभा करून बटण दाबलं की स्टिअरिंग आपोआप फिरायला लागतं आणि पेरणीची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ जाते. शेतकरी त्याला 'ऑटो' म्हणतात. ऑटो लागला की आमची आठवण कुणाला येत नाही. लागला नाही की फोन. तो फोन खणखणतो मुंबईत, रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागे, एका गोदामाच्या पहिल्या मजल्यावर. खाली दिवसभर करवत चालू असते. पलीकडच्यांना वाटतं, यांच्याकडेही ट्रॅक्टरच चालू आहे. आम्ही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही, कारण खरं सांगायचं तर इथल्या एकाही माणसाने ट्रॅक्टर चालवलेला नाही.

जयवंत गमऱ्यांनी तर साधी स्कूटरही चालवलेली नाही. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लोकांचे बिघडलेले फोन दुरुस्त करण्यात गेली. मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले, आणि बायकोने कावून आमच्याकडे पाठवलं, असं ते स्वतःच हसत सांगतात. टेबलाखाली कचऱ्याची टोपली आहे, ती त्यांचा क्लच. पलीकडच्याला "क्लच दाबा" म्हणाले की स्वतःही डाव्या पायाने टोपली दाबतात. डोळे मिटून हातांनी हवेत स्टिअरिंग धरतात. नवीन आलेली पोरं आधी फिदीफिदी हसली होती. आता त्यांच्यातल्या दोघांनी आपापल्या टोपल्या जवळ ओढून घेतल्यात.

मी त्यांची टीम लीडर, दीपिका. वयाने त्यांच्या मुलीसारखी, पण हुद्द्याने वरची, त्यामुळे ते मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना ओरडते. ओरडण्याचं कारण एकच. गमऱ्यांचा कॉल लवकर संपत नाही. बिघाड विचारायच्या आधी ते जेवण झालं का विचारतात, घरचे कसे आहेत विचारतात, आणि माणसं, गाढवासारखी, खरं उत्तर देतात. एकदा एका आजोबांचा ऑटो चालू झाल्यावर त्यांच्या सुनेच्या कॉलेजच्या ॲडमिशनपर्यंत गाडी गेली होती. मी समोर उभी राहून मनगटावर बोट आपटत होते, तर गमऱ्यांनी मला बिस्कीट दिलं.

हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते. सगळ्या लाईन गरम. एके दिवशी दुपारच्या आधी गमऱ्यांना एका बाईचा फोन आला. मला कुणाचाही कॉल माझ्या हेडफोनवर ऐकता येतो. तेच माझं काम. गमऱ्यांचा मी जरा जास्तच ऐकते, त्याला कामापेक्षा माझी खोड कारण आहे.

"सर, मी शेवंता बोलतेय. पूर्णेजवळून. ऑटो लागंना गेलाय."

"बोला शेवंताताई. जेवण झालं का?"

"कशाचं जेवण सर. सकाळधरनं हेच चाललंय." आवाज पळून आल्यासारखा होता. "बटण दाबलं की टुकटुक करतंय, अन् चाक लाल होतंय."

आमच्या स्क्रीनला कारण सांगायची सवय नाही. सगळं ठीक असलं की स्टिअरिंगचं चित्र हिरवं होतं, नसलं की लाल. का लाल, ते तुमचं तुम्ही शोधा. ही तक्रार मी वरच्या लोकांकडे अनेकदा केली आहे, तेही तसेच लाल होऊन गप्प बसतात.

गमऱ्यांनी टोपली जवळ घेतली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. वरच्या गोल डब्यावर पक्ष्याची घाण, चिखल काही आहे का? नाही, पुसला. ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये आहे ना? हाय. बटण दाबताना स्टिअरिंग हाताने धरलंय का? नाही. रस्त्याने जाताना ऑटो बंद ठेवतो तो खटका आता चालू केलात का? केला. सीटवर बसला आहात ना? बसलेय की.

प्रत्येक उत्तर बरोबर होतं. गमऱ्यांनी सांगितलेलं ती पुन्हा करत होती, आणि दरवेळी तिकडून टुकटुक ऐकू येत होतं.

मग ती म्हणाली, "सर, एक सांगू का? मी बसले की लागंना. नाना बसले की लागतंय."

नाना म्हणजे ट्रॅक्टरचे मालक. गमऱ्यांनी विचारलं नव्हतं तरी तिने सगळं सांगून टाकलं. तिचा नवरा नानांच्या जुन्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. मागच्या वर्षी नानांच्या डोळ्यांदेखत चालत्या ट्रॅक्टरवरून पडला आणि कंबरेतून कायमचा अधू झाला. त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसून ती चालवायला शिकली होती. त्याच्या जागी मीच बसते, असं ती म्हणाली आणि नाना हो म्हणाले. बाईला ट्रॅक्टर दिला म्हणून गाव नानांना हसलं. तरी नानांनी तिला काढलं नाही. आता नवीन ट्रॅक्टर आला, त्याला हा ऑटो बसवला, आणि ऑटो नेमका तिलाच लागेना.

"दोन मेकॅनिक बसून गेले सर. त्यांच्या हातानं लागतंय. गाव म्हणायलंय, यंत्राला बी कळतंय बाई हाय ते. आज लागलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून भाच्याला बसवतो, म्हणलेत नाना. त्यांचं बी खरं हाय. ओल उडून चाललीय. पेरणी थांबती व्हय कुणासाठी?" तिने आवाज खाली आणला. "माझं एवढंच हाय सर. हे गेलं की मग खुरपणीच."

अशा वेळी आमचा नियम सोपा आहे. प्रश्न फोनवर सुटला नाही की त्या भागातल्या मेकॅनिककडे तक्रार पाठवायची. परभणीचा आमचा अनिश उद्या दुपारपर्यंत पोचला असता. हेडफोन कानाला तसाच ठेवून मी उठून गमऱ्यांच्या टेबलाशी गेले आणि खुणेनेच विचारलं, अनिशला पाठवू?

गमऱ्यांनी आपला आवाज पलीकडे जाणं बंद केलं. "उद्या जाऊन काय उपयोग मॅडम? उद्या त्या सीटवर भाचा असेल. त्याने दाबलं की लागणार. अनिश येईल, सगळं ओके लिहील, चहा पिऊन जाईल."

हे खरंच होतं, म्हणून मला राग आला. "मग काय दिवसभर हाच कॉल धरून बसणार? मागे लाईन लागलीय बघा."

"बसतो थोडा वेळ," ते म्हणाले. "नाहीतरी मला बसायचाच पगार मिळतो ना."

तेवढ्यात पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला. खुद्द नाना होते. "साहेब, ते सीटखाली दोन वायरी हायत म्हणे. एकमेकीला जोडल्या की ऑटो कायम चालू राहतोय म्हणे. आमच्या पाहुण्यानं तसंच केलंय. तेवढं सांगा कोणत्या वायरी, म्हणजे तुमची बी कटकट मिटली अन् आमची बी."

खरं सांगते, मला ती युक्ती क्षणभर बरी वाटली होती. सीटखाली एक खटका असतो. माणूस बसला की तो दाबला जातो आणि यंत्राला कळतं की ट्रॅक्टरवर कुणीतरी आहे. वायरी जोडल्या की यंत्राला कायमच वाटतं, कुणीतरी आहे. शेवंताची नोकरी वाचली असती आणि माझी लाईनही मोकळी झाली असती.

"जोडता येतात नाना," गमरे म्हणाले. "पण मग ताई धक्क्याने खाली पडल्या, तरी ट्रॅक्टरला वाटणार त्या बसल्यात. तो थांबणार नाही. आणि मागे पेरणीचं यंत्र आहे, फाळ लावलेलं."

शेवंताचा नवरा पडला तेव्हा नाना तिथेच, त्याच शेतात होते, हे तिने मघाशीच सांगितलं होतं.

"नाही जोडत," नाना म्हणाले. "घे गं. बोल तू."

पण त्या वायरींमुळे गमऱ्यांच्या डोक्यातला दिवा लागला होता. नाना बसले की लागतं, ती बसली की नाही. आणि खटका सीटखाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "वजन," मी म्हणाले. "बाई हलकी असेल."

"ताई, राग मानू नका. वजन किती आहे तुमचं?"

"अय्या," पलीकडून हसू आलं, त्या दिवसातलं पहिलंच. "रेशनच्या काट्यावर केलं होतं. पन्नाशीच्या वर हाय सर. दिसत नाही तशी, पण हाय."

पन्नाशीच्या वर म्हणजे खटक्याला भरपूर झालं. माझा शोध फुकट गेला. गमऱ्यांनी कपाळ चोळलं, डोळे मिटले आणि पुन्हा हवेतलं स्टिअरिंग धरलं. खालची करवत एका ओंडक्यातून कुरकुरत गेली आणि थांबली.

"सीट कसं आहे ताई? फाटलंबिटलं, वाकडं?"

"नाही हो. नवंकोरं हाय. वरची प्लॅस्टिकची पन्नी बी काढलेली नाही. खराब होईल ना."

"पन्नी," गमरे नुसतंच म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले. हवेतलं स्टिअरिंग सोडून दिलं. "ताई, तुम्ही आत्ता त्या सीटवर कशा बसलात?"

"बसलेय की. नीट."

"नीट म्हणजे कशा? पाठ टेकलीय?"

मग अगदी हळू, जणू मोबाईलच्या तोंडाशी हात धरून, ती म्हणाली, "पुढं सरकून बसलेय सर. कडंला. नाना समोर बांधावर उभे हायत ना."

गमऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला त्यांच्या घरातला सोफा आठवला.

त्यांच्या आई कमलाबाई गेल्या तेव्हा आम्ही ऑफिसातले सगळे पुण्यानुमोदनाला भोईवाड्यात गेलो होतो. चाळीतल्या त्या खोलीत एक मोठा सोफा होता. गमऱ्यांनी खास आईसाठी घेतलेला, हिंदमाताच्या कापडबाजारातून भारी कापड आणून शिवून घेतलेला. त्याची पुढची कडा एका जागी दबून पार बसली होती, कापड विरलं होतं. आणि पाठ कोरी. कमलाबाई जन्मभर परळच्या एका रुग्णालयात आया होत्या. डॉक्टर आला, सिस्टर आली, कुणीही आलं की चटकन उठता यावं म्हणून बाकाच्या कडेवर बसायची त्यांची सवय. निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या सोफ्यावरही त्या तशाच बसल्या. मुलगा रोज म्हणायचा, आई, टेक की. त्या म्हणायच्या, टेकलेय रे. त्या दिवशी गमरे त्या कडेवरून हात फिरवत मला म्हणाले होते, "मॅडम, एवढं एक मला काय जमलं नाय." तेव्हा ते माझ्यासमोर रडले होते आणि मीही रडले होते.

आता त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"ताई, ऐका. खटका सीटच्या मागच्या बाजूला आहे, मधोमध. तुम्ही कडेला बसलात की तो दाबला जात नाही. यंत्राला वाटतं, सीटवर कुणी नाहीच. जुन्या ट्रॅक्टरला असलं काही नव्हतं, म्हणून कधी अडलं नाही. बिघाड एवढाच आहे. तुमचं काही चुकलेलं नाही, यंत्राचंही नाही. मागे सरा. पूर्ण. पाठ टेकवून बसा."

"सर," ती कुजबुजली, "नानांच्या म्होरं? रेलून?"

"हो."

"मला नाही जमायचं सर ते. बरं नाही दिसत. त्यांचं मीठ खाल्लंय आमी."

त्यांच्या जागी मी असते तर समानतेवर एक छोटंसं भाषण दिलं असतं. माझं तोंड उघडलंही होतं. गमऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माझी आई पण अशीच बसायची," ते म्हणाले. "मी तिला लई सांगितलं. ती काय ऐकली नाही, कारण मी तिचा मुलगाच, माझं कोण ऐकतं. तुम्ही माझं नका ऐकू. नानांना ओरडून सांगा, मुंबईच्या कंपनीचा नियम आहे म्हणावं. टेकून बसल्याशिवाय ऑटो लागत नाही. नियमच आहे तसा. माझं नाव सांगा. जयवंत गमरे, मुंबई ऑफिस."

मग एकदम मोठ्याने, कानाला दडे बसतील असा तिचा आवाज आला.

"ओ नाना! मुंबईचे गमरेसायेब म्हणालेत, टेकून बसा! त्याबिगर लागत नाही! कंपनीचा नियम हाय!"

लांबून नानांचा आवाज आला, चांगलाच वैतागलेला. "मग बस की! कुणी नको म्हणलं व्हतं तुला?"

मी हेडफोन कानावर दाबून धरला. ती अशी बसते हे नानांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी नको म्हटलं नव्हतं, आणि बस असंही कधी म्हटलं नव्हतं, आणि ती बापडी कडेला बसून वर्षभर त्यांचं शेत नांगरत होती.

प्लॅस्टिकचा करकर आवाज आला. पन्नीवर कुणीतरी मागे सरकत होतं. थोडं थांबून पुन्हा करकर.

"टेकले सर."

"पाठ?"

"पाठ बी."

"आता बटण दाबा," गमरे म्हणाले आणि त्यांनी स्वतःच टेबलावर अंगठा दाबला.

टुकटुक झालं नाही. एकच लांब, स्वच्छ आवाज आला. 'ऑटो लागला' याचा तो आवाज आम्ही दिवसातून कितीदा तरी ऐकतो, आणि तरीही मी गमऱ्यांचा खांदा धरला.

"हिरवं झालं! सर, चाक हिरवं झालं! आपोआप फिरायलंय बगा, आपोआप!"

"सावकाश जाऊ द्या," गमरे म्हणाले. "स्टिअरिंगला हात लावू नका. आणि बोलू नका आता, समोर बघा."

फोन तिने बंद केला नव्हता. बहुतेक डोक्याच्या रुमालात तसाच कानाशी खोचला होता. इंजिन एका लयीत चालू होतं. गमऱ्यांचा पाय टोपलीवर अजून अलगद टेकलेला. मागे लाईन वाजत होत्या. मी पोरांना खूण केली, तुम्ही घ्या.

मग तिकडून धावत येणाऱ्याच्या धापा ऐकू आल्या. नाना होते. ट्रॅक्टरच्या बरोबरीने चालत असावेत. "आयला! सरळच चाललंय की गं! सुतात चाललंय! थांब, थांब जरा. उतर खाली. मला बघू दे बसून."

गमऱ्यांनी श्वास रोखला. मीही. आम्हां दोघांनाही ठाऊक होतं, आता ती उठणार. चटकन उठता यावं म्हणूनच तर ही माणसं कडेला बसतात.

पन्नी वाजली नाही.

"ही तासाची ओळ पुरी होऊ द्या नाना," शेवंता म्हणाली. आवाजात कसलीच आगळीक नव्हती, नेहमीसारखाच आदर होता. "मधीच उठले तर बंद पडतंय ते. त्या टोकाला जाऊन येते अन् मग देते तुमाला."

नाना काहीतरी म्हणाले, पण ते मागे पडले होते, नीट ऐकू आलं नाही. ट्रॅक्टर पुढे जात राहिला.